भांड्यांच्या कपाटात एक मीटर ठेवा

मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनानिमित्त मंडळात 'ऊर्जा बचत सप्ताह' होणार, अशी सूचना फळ्यावर लागली आहे. घोषवाक्य स्पर्धा, मुलांसाठी चित्रकला, एक व्याख्यान, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र, मग चहा आणि बटाटेवडा. खर्च नऊ हजार, मंजूर. शेजारी नमुन्याचं पोस्टरही चिकटवलंय. त्यावर एक रडका बल्ब आणि खाली 'दिवा मालवा, देश वाचवा'.

माझी या कार्यक्रमाला हरकत आहे. मागच्या महिन्यात ती चिठ्ठीवर लिहून दिली होती. सभेत ती 'आयत्या वेळचे विषय' यात गेली आणि तो विषय येईपर्यंत निम्मे लोक चपला शोधायला लागले होते. म्हणून हे उघड पत्र. बाकीच्या सभासदांनीही वाचावं.

मला ओळखत नसतील अशा नव्या सभासदांसाठी सांगते. मंडळाच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. मुंज, बारसं, श्राद्ध, गणपतीतला महाप्रसाद, काहीही असो, पातेली, कढया, पराती, झारे, पाट आणि सतरंज्या माझ्या वहीत सही करून जातात आणि सही करून परत येतात. ग्वाल्हेरच्या आपल्या या लष्कर भागातल्या किती घरांची स्वयंपाकघरं मी आतून पाहिली असतील याचा हिशेब नाही. पातेलं परत न्यायला म्हणून जायचं आणि अर्धा तास बसून यायचं, हा माझा जुना रोग.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा पुण्याहून आला, तेव्हा त्याने एक वस्तू आणली. हातात मावेल एवढा डबा. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि फ्रीज, टीव्ही, गिझर, ज्याची चौकशी करायची असेल त्याची पिन त्या डब्यात. त्यावर आकडे दिसतात, आत्ता किती वॅट चाललेत आणि लावल्यापासून किती युनिट झाली. सोळा अँपियरचा घेतला की गिझरही चालतो. किंमत हजार रुपयांच्या आसपास. शेजारणीने मागितला, तिच्या जावेने मागितला, आणि लोक तो परत द्यायला विसरायला लागले, तेव्हा मी त्याची नोंद सरळ भांड्यांच्या वहीत घातली. 'पातेलं नं. ३, झारा १, मीटर १.' आजवर तो सत्तावीस घरं फिरून आलाय. या पत्रात जे आहे ते त्या वहीतलं.

आधी तुमच्या त्या दिव्याचं बघू.

आपल्या एक सभासद आजी, जुन्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहतात, संध्याकाळी देवापाशी निरांजन लावलं की खोलीतला दिवा बंद करतात आणि तशाच बसून राहतात. सातपासून साडेनऊपर्यंत. मी पातेलं न्यायला गेले ती उंबऱ्याला ठेचकाळले. म्हटलं, लाईट गेलीय का? तर म्हणाल्या, "नाही गं, बिल फार यायला लागलंय." त्यांच्या खोलीत नऊ वॅटचा एलईडी आहे. रोज अडीच तास धरले तर महिन्याला पाऊण युनिटसुद्धा होत नाही. पाच रुपयांच्या आतबाहेर. पाच रुपयांसाठी ब्याऐंशी वर्षांची बाई काळोखात बसली होती, आणि पलीकडच्या खोलीत तिचा फ्रीज एकसारखा घुरघुरत होता.

दुसऱ्या दिवशी मीटर नेऊन त्या फ्रीजला लावला. चोवीस तासांत ३.१ युनिट. महिन्याचे ९३. तो फ्रीज स्टारच्या लेबलांच्याही आधीचा, म्हणजे २००६ च्या पूर्वीचा. दाराचं रबर एका बाजूने सुटलेलं. दहाची नोट दारात धरून दार लावलं, तर नोट हळूच ओढून निघाली, निघायला नको. पाठ भिंतीला टेकलेली, त्यामुळे मागच्या जाळीची गरमी जायला वाट नाही. आतलं बटण सहावर, कारण कुणीतरी उन्हाळ्यात फिरवलं आणि दिवाळी झाली तरी तिथेच. रबर बदललं, साडेसातशे रुपये लागले. फ्रीज वीतभर पुढे ओढला, बटण तीनवर आणलं. आता २.२ युनिट. महिन्याला २७ युनिट कमी. म्हणजे आजींनी चाळीस महिने काळोखात बसून जेवढं वाचवलं असतं, तेवढं एका महिन्यात.

आणि आता तुम्ही त्याच आजींच्या दारावर 'दिवा मालवा'चं पोस्टर लावणार.

यात चूक कुणाची नाही, हेही सांगते. ही सवय आपल्याला लागली ती साठ आणि शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बांच्या काळात. तेव्हा घरात वीज खाणाऱ्या गोष्टी म्हणजे चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ. तेव्हा 'जाताना दिवा बंद कर' हे शहाणपण होतं. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली, एलईडी स्वस्त झाले, साठाचं काम नवात व्हायला लागलं. दिवा बदलला, आपली शिकवणूक तीच राहिली. ग्वाल्हेरकरांना दिव्यांचं कौतुकही जरा जास्तच असतं म्हणा. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या दरबार हॉलमधली झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले होते, ही गोष्ट आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. वजन तोलून मग टांगायचं, ही अक्कल त्या गोष्टीत आहे. आपण मात्र न तोलताच भाषण देतो.

मीही दिलीत. माझी सून रात्रभर मोबाइल चार्जिंगला ठेवते म्हणून मी तिला सहा वर्षं बोलत होते. मीटर लावला, तर एका रात्रीत एका युनिटचा पन्नासावा भागसुद्धा गेला नाही. मग तिने, अगदी शांतपणे, तोच मीटर माझ्या गिझरला लावला. मी पहाटे पाचला गिझर लावते आणि सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत, म्हणजे दहा वाजेपर्यंत, चालूच ठेवते. त्या एका सकाळचा आकडा इथे लिहीत नाही. सुनेची माफी मागितली. चारचौघांत नाही, पण मागितली.

थंडी सुरू झालीय, तेव्हा गिझरचंच आधी सांगून टाकते. जानेवारीत आपल्याकडे टाकीतलं पाणी हाताला चावतं. पंधरा लिटरची एक बादली तीस अंशांनी तापवायची तर साधारण अर्धं युनिट लागतं. यात गिझर कुठल्या कंपनीचा, किती स्टारचा, याने फारसा फरक पडत नाही, पाणी तापायला लागते ती ऊर्जा लागतेच. चार माणसं, चार बादल्या, रोज दोन युनिट, महिन्याला साठ. ज्या घरात महिनाभरात दीडशे युनिट जळतात तिथे साठ नुसते आंघोळीचे! फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, पाणी किती घेता: शॉवरखाली दहा मिनिटं की बादली आणि तांब्या. दोन, तापलेलं पाणी किती वेळ टांगून ठेवता. आंघोळी एकामागोमाग एक उरकल्या आणि मग बटण बंद केलं, तर माझ्याच घरात रोजचं पाऊण युनिट वाचलं. जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब असायचा, तेव्हा कुणाला सांगावं लागायचं नाही. कोळसे विझायच्या आत नंबर लावावाच लागायचा. बंब परत आणा असं मी म्हणत नाही. त्या धुराने माझ्या आईचे डोळे गेले होते. नंबर लावायची शिस्त तेवढी आणा.

आता ज्याने सगळ्यांत जास्त घरं चकित झाली ते.

मीटरचा हा डबा प्रत्येक वस्तूला लागत नाही. छताचा पंखा, भिंतीतून वायर नेलेला एसी किंवा इन्व्हर्टर यांना पिन नसते. त्यासाठी दारावरचा, बिजली कंपनीचाच मीटर वापरायचा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरांवर ३२००. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, एकच पंखा लावा, घड्याळ घेऊन मिनिटभर मोजा. चारदा लुकलुकला तर पंखा ७५ वॅटचा. नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा असेल तर मिनिटात दीड-दोनदाच लुकलुकेल. (तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी १६०० असेल, तर प्रत्येक लुकलुक दुप्पट धरा.) आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या मुलाने हे दहा मिनिटांत शिकून घेतलं आणि आता तो घरोघरी जाऊन मोजून देतो. एका घराचे फुटाणे, दुसऱ्या घराची गजक. तुमच्या चित्रकला स्पर्धेपेक्षा त्याला हे जास्त आवडतं.

तर एका घरी सगळं बंद केलं. फ्रीजची पिनसुद्धा काढली. आणि दिवा लुकलुकतोच आहे, मिनिटाला चार वेळा. घरमालक म्हणाले, शेजारी वीज चोरतोय. पाच मिनिटं भांडणाची तयारी झाली. मग माझ्या लक्षात आलं की माळ्यावरचा इन्व्हर्टर बंद केलेला नाही. बॅटरी सहा वर्षांची, चार्ज धरतच नव्हती, आणि इन्व्हर्टर बिचारा दिवसरात्र तिला भरत होता. ७५ वॅट, चोवीस तास, तीस दिवस: ५४ युनिट. लाईट गेल्यावर तो वीस मिनिटं चालायचा! शेजारी वाचला. वाण्याच्या दुकानात बसून बिल वाढल्याबद्दल सरकारला शिव्या देणारे हे गृहस्थ मग आठवडाभर गप्प होते.

त्यामानाने टीव्हीच्या डब्याचं प्रकरण किरकोळ. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही मिळून दहा-अकरा वॅट खात राहतात, महिन्याला सात-आठ युनिट. भिंतीवरचं बटण बंद करा, झालं.

सात-आठ युनिट किरकोळ म्हटले खरे, पण कुठे किरकोळ नसतात ते सांगते. आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल, तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत, वरची नेहमीच्या दराने. हिशेब दिवसाला सरासरी ५ युनिटांचा. पण १५० ओलांडलं की ही सवलत त्या महिन्यापुरती सगळीच जाते, फक्त वरच्या युनिटांवरची नाही. म्हणजे १४९ आणि १५२ यांच्यामध्ये तीन युनिटांचा फरक, आणि बिलात साधारण चारशे-पाचशेचा. आपल्या किती सभासदांना हे माहीत आहे? मी विचारत फिरले. योजना माहीत आहे, कड माहीत नाही. "कधी कमी येतं, कधी एकदम जास्त येतं, कंपनीचा काही भरवसा नाही," एवढंच.

एका भाडेकरू कुटुंबाचं बिल सप्टेंबरात १६८ युनिटांचं आलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं, एसी नाही, काही नाही. त्यांना २० युनिटं कमी करायची होती, त्यासाठी काळोखात बसायची गरज नव्हती. टीव्हीचा डबा रात्री बंद: ८. टुल्लू पंप नळाला पाणी आल्यावरच लावायचा; आधी 'येईलच आता' म्हणून तो अर्धा-अर्धा तास कोरडा फिरायचा: ५ किंवा ६. इस्त्री रोज एक शर्ट न करता आठवड्यातून दोनदा, एकदम: ३-४. फ्रीजचं बटण: ५. ऑक्टोबरात १४६ आले. पण हे जमलं, कारण त्यांनी महिन्याच्या मध्यावर मीटर वाचला. पंधराव्या दिवशी ७९ झाले होते, म्हणजे चार जास्त. मग शेवटचे दोन आठवडे सांभाळले. बिल हातात आल्यावर कुणी काय सांभाळणार?

ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसलेत त्यांना रोजचा वापर मोबाइलवर दिसतो. मुलांकडून तेवढं ॲप लावून घ्या. शिवाय केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून दिवसा सूर्याच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग, असं धोरण आणलंय. तुमच्या बिलात दिवसाच्या वापराची सूट दिसते का ते बघा, दिसत असेल तर कपड्यांचं मशीन आणि टाकीचा पंप दुपारी लावा. एवढं एक वाक्य व्याख्यानात सांगितलं तरी चालेल, जर व्याख्यान करायचंच असेल.

आता उन्हाळा. तो सहा महिन्यांवर आहे म्हणून हसू नका. जे करायचं ते मार्चच्या आत करावं लागतं.

नौतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा 'पंखे कमी वापरा' असं सांगणारा माणूस ग्वाल्हेरचा नाही. पंखा आणि कूलर इथे चैन नाहीत. प्रश्न असतो तो कुठला पंखा आणि कसा कूलर. जुना पंखा ७५ वॅट, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट कमी. पण नवा पंखा अडीच-तीन हजारांचा, म्हणून सगळे एकदम बदलू नका. जो पंखा रात्रंदिवस फिरतो तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला आहे तसा मरू द्या. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, ते बघून घ्या. आणि भिंतीवरचा तो जुना, गरम होणारा, वाटोळा रेग्युलेटर? त्याने पंखा हळू होतो, पण वाचलेली बरीचशी वीज त्या डबीतच तापून जाते. खोटं वाटत असेल तर लुकलुक मोजा.

कूलरचं तत्त्व आपण लहानपणी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून शिकलो. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आली की गार होते, कारण पाणी उडून जाताना गरमी घेऊन जातं. मे महिन्यात ग्वाल्हेरची हवा इतकी कोरडी असते की दोनशे वॅटचा लोखंडी कूलर खोली राहण्याजोगी करतो, तिथे दीड टनाचा एसी दीड हजार वॅट मागतो. पण कूलरला बाहेरची हवा आत यायला हवी आणि आतली बाहेर जायला हवी. एका घरी धूळ येते म्हणून खिडकी बंद करून कूलर खोलीच्या आत ठेवला होता. तीच दमट हवा तो फिरवत बसायचा. अंगाला चिकट व्हायला लागलं, म्हणून दुसरा कूलर आणला. दोन कूलर, दुप्पट चिकट. मग एक खिडकीबाहेर स्टँडवर टांगला, समोरचा झरोका उघडला. दुसरा आता जिन्याखाली आहे, कुणाला हवा असेल तर सांगा. कूलरच्या जाळ्यांतली घास (वाळलेलं गवत) दर साली नवी भरायची, आणि पाऊस पडून उमस सुरू झाली की पंप बंद करून नुसती हवा घ्यायची. तेव्हा पाणी उडतच नाही, पंप फुकट चालतो.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी तो २६ वर ठेवून सोबत पंखा लावावा. दर एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर सुरू होतात, ते काही उगाच नाही. माझा नातू १८ वर लावून दुलई घेतो. त्याच्याशी मी अजून भांडते आहे.

छताबद्दल मात्र मला मंडळाकडून काम हवंय. आपल्या जुन्या घरांची छतं दगडी पट्ट्यांची. भिंती जाड, म्हणून तळमजला बरा राहतो. पण दिवसभर तापलेली गच्ची वरच्या खोलीवर रात्री दोनपर्यंत शेकोटी करते. मागच्या मार्चमध्ये आम्ही तीन घरांच्या गच्चीला कळीचा चुना दिला, त्यात थोडा फेविकॉल, दोन हात. माझ्या वरच्या खोलीतला थर्मामीटर दुपारी चार वाजता जवळच्या, चुना न दिलेल्या, खोलीपेक्षा तीन अंश कमी दाखवत होता. अहमदाबादेत महापालिकाच २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांवर पांढरा हात मारून घेते. आपल्याकडे ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते सभासद सत्तरीच्या पुढचे, त्यांना जिना चढवत नाही. मुलं पुण्याला, बंगळूरला. त्यांना सल्ला नको, चुना देणारा हात हवा.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल या वहीत फारसं नाही, आणि मी तुम्हाला डाळ भिजत घालायला सांगायची गरज नाही. महाप्रसादाच्या दिवशी मात्र मंडळाच्या दोन मोठ्या पातेल्यांना झाकणं नाहीत, हे मी तीन वर्षं सांगते आहे. पन्नास माणसांची आमटी उघड्या पातेल्यात उकळते आणि गॅस निम्मा आकाशात जातो. झाकणं करून घ्या.

चिटणीस म्हणतील, एवढं मोजत बसण्यापेक्षा सगळ्यांनी छतावर सोलर बसवावं. त्यांनी स्वतः बसवलंय, त्यांचं बिल जवळजवळ शून्यावर आलंय, त्याबद्दल अभिनंदन. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅटला एकूण ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, ही गोष्ट चांगलीच आहे. ज्याचं बिल अडीच-तीन हजार येतं आणि गच्ची स्वतःच्या नावावर आहे, त्याने जरूर करावं. पण आपल्या निम्म्या सभासदांच्या गच्चीवर सहा वारस आणि एक कोर्टातला दावा आहे. भाडेकरूंची तर गच्चीच नाही. आणि १४६ युनिटांवर जगणाऱ्या, १०० रुपयांत १०० युनिटं मिळवणाऱ्या घराने कर्ज काढून पॅनेल का लावावं? ज्याला लावायचं त्यानेही आधी मोजावं. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. घरातला गळका फ्रीज आणि मेलेला इन्व्हर्टर तसेच ठेवून वर तीन किलोवॅट चढवणं म्हणजे भोक न बुजवता टाकी मोठी करणं.

आता आपल्या सभागृहाकडे येते, कारण दुसऱ्यांच्या घरात मीटर लावून आपल्या घराकडे पाठ फिरवली तर वही खोटी ठरेल. गणपतीत मंडपात पाचशे वॅटचे आठ हॅलोजन लागले होते. रोज सहा तास, दहा दिवस: २४० युनिट. आणि त्या उकाड्यात आरतीला उभ्या असलेल्या बायकांच्या नऊवारी भिजल्या ते वेगळंच. शंभर वॅटचे एलईडी फ्लडलाइट लावले असते तर ४८ झाले असते. सभागृहातले बारा पंखे माझ्या लग्नात होते तेच आहेत. माझं लग्न कधी झालं ते विचारू नका.

तर माझी मागणी अशी. ते नऊ हजार असे वापरा. सहा मीटर, सहा हजारांच्या आसपास. उरलेल्यात कळीचा चुना, बांबूला बांधायचे दोन ब्रश, दोन भिंतीवरचे थर्मामीटर आणि पातेल्यांची झाकणं. मीटर आणि ब्रश माझ्या कपाटात राहतील, सही करून जातील, सही करून येतील, चार दिवसांची मुदत. तुम्ही म्हणाल हरवतील. एकोणीस वर्षांत माझा एक झारा आणि एक पाट हरवलाय, आणि तो पाट कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्याकडे तो सहावीतला मुलगा जाईल. प्रमाणपत्रं छापायचीच असतील तर एकच छापा, त्याच्यासाठी. मार्चच्या पहिल्या रविवारी ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या गच्चीवर चुना देऊ, कार्यकारिणीतले तरुण सदस्य (म्हणजे साठीच्या आतले) येतील असं गृहीत धरते. घोषवाक्याची स्पर्धा घ्या हवी तर, पण ते रडक्या बल्बचं पोस्टर काढा. निदान त्या आजींच्या वाड्यात लावू नका. त्यांना मी महिनाभर समजावून दिवा लावायला तयार केलंय.

शुक्रवारच्या सभेत हा विषय 'आयत्या वेळच्या'त नको, पहिला घ्या. मी वही घेऊन येईन.

सध्याचा मीटर छत्री बाजारातल्या एका सभासदाच्या गिझरला आहे, गुरुवारी परत येतोय. त्यानंतर नऊ नावं लागलीत. दहावं नाव अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचं आहे. त्यांनी मला ते अध्यक्षांना सांगू नको म्हटलं होतं.

आपली,
भांड्यांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारी
लष्कर, ग्वाल्हेर